रक्तातला फेरफार

आत्याची मूठ वळायची थांबली तो दिवस तिला अजून नेमका आठवतो. भाद्रपदी पोळ्याचा आदला दिवस. बऱ्याच मुलखांत पोळा श्रावणातच उरकतो, आमच्या जुन्नर-आंबेगावकडे तो भाद्रपदाच्या अमावास्येला. ती पुरणाची डाळ निवडत बसली होती. दुपारी अंगात कणकण आली, दिवेलागणीला ताप चढला आणि रात्री पाण्यासाठी उठायला गेली तर पाऊल जमिनीला टेकवेना. तांब्या उचलायला मनगट साथ देईना. तिसऱ्या दिवशी ताप गेला, दुखणं मात्र हातापायांत मुक्कामाला राहिलं. तुळशीची लग्नं झाली तरी सकाळी चुलीपुढे बसून ती हात पुढे करायची : "आरं, पीठ कसंबसं मळती, पण थापायला बोटंच उघडंनात." तास-दीड तास गेला की बोटं जरा सुटायची.

कुणीतरी 'वाताची तपासणी' करून घे म्हणून सांगितलं. तालुक्याच्या गावातल्या एका लॅबचा कागद आला : आरए फॅक्टर ३१, मर्यादा २०. आकडा ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण. "संधिवात आहे, आता जन्मभर गोळ्या," एवढं ऐकून ती घरी आली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे आजीचे हात होते. माझ्या आजीची बोटं शेवटी शेवटी आल्याच्या कांड्यांसारखी झाली होती, प्रत्येक पेर वेगळ्या दिशेला.

मी तिला पुण्याला सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशी, कधीपासून दुखतंय?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. दुपारी."

डॉक्टर क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आत्याच्या नाकाकडे निरखून पाहिलं. शेंडा काळवंडला होता. आत्याला वाटत होतं, उन्हानं झालंय. डॉक्टरांनी रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. त्या दोन तपासण्यांच्या मागे लागलो आणि महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. अंड्याचा पांढरा बलक, गालाच्या आतली कातडी, मेंढीचं रक्त, कलिंगड आणि यवतचे डास, हे सगळं एका म्हातारीच्या मुठीपर्यंत कसं येऊन पोचतं ते सांगायचंय.

आधी गोंधळ कुठे आहे ते बघू. 'संधिवात' हा शब्द आपण सरसकट कुठल्याही सांधेदुखीला लावतो. आत्याला ज्याची भीती घातली गेली तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत बहुधा आमवात म्हणतात. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर चालून जाते. मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजतात, सकाळी तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात. उपचार लांबले तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. आता डॉक्टरांच्या मनात आलेला दुसरा आजार, चिकनगुनिया, घ्या. त्याचं दुखणं कुठे? मनगटं, घोटे, बोटांची मुळं, मधली पेरं. दोन्ही बाजूंना सारखंच. सकाळी आखडलेलं. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१० साली आमवात ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत ठरवली, दहापैकी सहा गुण मिळाले की आमवात. चिकनगुनियाचे कितीतरी रुग्ण त्या परीक्षेत आरामात पास होतात. सांधा सुजतो तेव्हा त्याच्याजवळ एकच भाषा असते : लाली, सूज, ठणका. मारणारा कोण, हे त्याला सांगता येत नाही.

चिकनगुनिया हे नावसुद्धा दुखण्याच्या आकारावरूनच पडलंय. कोंबडीशी त्याचा काही संबंध नाही. १९५२-५३ साली आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर ही साथ ओळखली गेली आणि तिथल्या बोलीत या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. आपल्याकडे तो १९६३ साली कोलकात्यात दिसला, आणि १९७३ साली थेट बार्शीला. त्यानंतर मात्र गप्प. इतका गप्प, की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांनी १९८६ साली तो भारतातून नाहीसा झाल्याबद्दल लिहिलं. आणि मग २००५-०६ मध्ये तो असा उसळला की एकट्या २००६ साली देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी विषाणूची जनुकं वाचली तेव्हा कळलं, की हा बार्शीचा जुना आशियाई विषाणू नाहीच, हा आफ्रिकी घराण्यातला आहे. आणखी एक गोष्ट त्या तपासात सापडली, जी वाचून मी खुर्चीतून उठलो. दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये २००० साली पकडलेल्या एडिस डासांतून मिळालेला एक विषाणू संस्थेत जपून ठेवलेला होता. तोही आफ्रिकीच निघाला. म्हणजे सगळा देश निवांत होता तेव्हा, साथ उसळण्याच्या पाच वर्षं आधी, तो आपल्या पुणे जिल्ह्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात येऊन बसलेला होता.

हा विषाणू पसरवणाऱ्या एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आमच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात धुवांधार कोसळतं, डिंभे, माणिकडोह धरणं भरतात आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या वाड्या पिंपांत पाणी साठवून राहतात. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला तो मोठा रांजण पाहिलाय ना? जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. पावसाळ्यात त्यात पाणी साचलेलं पाहिलं की मला आता नाणी आठवत नाहीत, डासांच्या अळ्या आठवतात. या डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत पोचायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, असं आशाताई घरोघर सांगत फिरतात.

आता रक्ताकडे वळू. शरीरात परका शिरला की त्याच्या मापाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनायला लागतात. शेतकऱ्याच्या घरी वाढल्यामुळे मला हे तलाठी कार्यालयावरूनच नीट समजलं. जमिनीत काही बदल झाला की आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद पडते. ती ताजी असते, घाईत केलेली असते. रीतसर मंजूर झाली की मग ती सातबाऱ्यावर चढते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. रक्तातही अशा दोन नोंदी असतात. पहिली आयजीएम. पाच इंग्रजी वाय एकमेकांना शेपटीशी बांधावेत तसा हा बोजड रेणू, त्याला दहा हात. एकेका हाताची पकड सैल, पण दहा हातांनी धरल्यावर सुटका कठीण. चिकनगुनियात तो ताप आल्यापासून साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो आणि बहुधा तीन-चार महिने टिकतो, काहींच्यात जास्तही. दुसरी नोंद आयजीजी. एकच वाय, सुबक, घट्ट पकडीचा. तो मागून येतो आणि वर्षानुवर्षं राहतो.

म्हणजे रक्ताला नुसतं 'विषाणू आला होता का' एवढंच नाही, 'कधी आला होता' हेही विचारता येतं. एका थेंबात तारीख! मला यात आजही नवल वाटतं. पण म्हणूनच प्रश्न नेमका विचारावा लागतो. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आयजीएम शोधलं तर काही सापडणार नाही. फेरफाराला अर्जच आलेला नसतो. तेव्हा विषाणूची जनुकंच शोधावी लागतात. आणि नुसतं आयजीजी सापडलं तर ते आजच्या दुखण्याचं कारण ठरत नाही. २०१७ च्या सुमारास देशभरातून गोळा केलेल्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या साधारण अठरा जणांत चिकनगुनियाचं आयजीजी मिळालं. यांतले कितीतरी ठणठणीत चालत-फिरत होते. जुना सातबारा दाखवून काल बांध कुणी कोरला ते सिद्ध होत नाही.

ही तपासणी चालते कशी, ते बघण्यासारखं आहे. सरकारी रुग्णालयांत चिकनगुनियासाठी जो आयजीएम किट वापरतात तो आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेतच तयार होतो. प्लॅस्टिकची तळहाताएवढी पाटी, तिच्यात आठ ओळी आणि बारा रांगांत ९६ खळगे. मंगळागौरीच्या चौरंगावर मांडलेल्या वाट्यांसारखे, फक्त नखाएवढे. खळग्याच्या तळाला असं काहीतरी चिकटवलेलं असतं जे माणसाच्या आयजीएमला पकडतं, मग ते आयजीएम कशाविरुद्धही असो. त्यात रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव, सीरम, घालतात. आयजीएम अडकतं, बाकी सगळं धुऊन जातं. मग मेलेला चिकनगुनिया विषाणू घालायचा. अडकलेल्या आयजीएमपैकी एखादं चिकनगुनियाविरुद्धचं असेल तरच तो विषाणू धरला जाईल. नसेल तर तोही धुऊन जाईल. मग विषाणूवर बसणारं एक प्रतिपिंड, ज्याला बायोटिन नावाचं जीवनसत्त्व टाचलेलं असतं. बायोटिनला घट्ट मिठी मारणारं अ‍ॅव्हिडिन, जे अंड्याच्या पांढऱ्या बलकात असतं. आणि अ‍ॅव्हिडिनला जोडलेलं एक विकर, जे मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळातून येतं. शेवटी एक बिनरंगी द्रव घालतात. साखळीची एकही कडी तुटलेली नसेल तर मुळातलं ते विकर त्या द्रवाला निळं करतं. आम्लाचा थेंब टाकला की निळ्याचा हळदीसारखा पिवळा होतो.

आत्याच्या खळग्याचा रंग पिवळा झाला. म्हणजे विषाणू भेटून गेला होता, आणि तोही अलीकडेच.

पण मग तो ३१ आकडा? आरए फॅक्टर खोटा होता का? तो खोटा नव्हता. गोष्ट त्याहून विलक्षण आहे.

नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० साली एक चमत्कारिक निरीक्षण छापलं. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या प्रतिपिंडांचं पातळ लिंपण केलेलं होतं. त्यांत आमवाताच्या रुग्णाचं सीरम पडलं आणि पेशींच्या गाठी झाल्या. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोझ यांना तेच दिसलं. रुग्णाच्या रक्तात असं काहीतरी होतं जे मेंढीला नव्हे, सशालाही नव्हे, तर खुद्द प्रतिपिंडालाच धरत होतं. हाच तो ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर : प्रतिपिंडाच्या शेपटीला धरणारं प्रतिपिंड. पोलिसानं पोलिसाची कॉलर धरावी तसं.

मात्र ही कॉलर फक्त आमवातातच धरली जाते असं नाही. कुठलाही मोठा संसर्ग झाला की प्रतिपिंड आणि परका यांचे असंख्य जुडगे रक्तात फिरू लागतात. ते जुडगे एकत्र बांधून उचलायला शरीर स्वतःच थोडा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर तयार करतं. हेपटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, या सगळ्यांत तो वाढतो. चिकनगुनियानंतरही काहींच्यात काही काळ वाढतो. वय झालेल्या अगदी धडधाकट माणसांतही सापडतो. तज्ज्ञांच्या त्या गुणपद्धतीत मर्यादेच्या तिपटीपर्यंतचा आकडा 'किंचित वाढलेला' धरतात, तिपटीच्या वर गेला की 'खूप वाढलेला'. आत्याचा ३१ हा किंचितच. त्याला चढता बाण छापणं चूक नव्हतं. त्या बाणाकडे पाहून जन्मभराच्या गोळ्या सांगणं चूक होतं.

आणि आता कलिंगड.

१९६४ साली नेदरलँड्समधल्या निनहाउस आणि मांडेमा या दोघांनी पाहिलं, की आमवाताच्या रुग्णांचं सीरम माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींतल्या बारीक कणांना चिकटतं. फार चांगली खूण होती, पण वापरायला भलतीच अवघड, कारण कुणाच्याही गालाच्या पेशी चालत नसत. काही ठरावीक माणसांच्याच उपयोगी पडत, आणि का ते उमगत नव्हतं. चौतीस वर्षं हे कोडं तसंच पडून होतं. १९९८ मध्ये नायमेखेन इथल्या शेलेकेन्स, व्हॅन व्हेनरोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडवलं. ते सीरम प्रथिनाला धरत नव्हतं, प्रथिनातल्या एका बदललेल्या अक्षराला धरत होतं. त्या अक्षराचं नाव सिट्रुलिन. हे अमिनो आम्ल जपानमध्ये १९१४ साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते कलिंगडाच्या रसातून, आणि कलिंगडाचं शास्त्रीय प्रजातिनाव सिट्रुलस, म्हणून ते सिट्रुलिन. नारायणगावच्या बाजारात ढिगानं पडलेली कलिंगडं पाहताना कुणाच्या मनात येईल, की सांधेदुखीच्या सगळ्यात भरवशाच्या तपासणीचं नाव त्यांच्यावरून पडलंय?

शरीर प्रथिनं रचतं तेव्हा सिट्रुलिन थेट वापरत नाही. ते वापरतं आर्जिनिन. नंतर, सूज आली किंवा पेशी मरायला लागली की एक विकर आर्जिनिनचं सिट्रुलिन करून टाकतं. फरक किती? वजनात जेमतेम एका हायड्रोजन अणूएवढा. पण आर्जिनिनवर विजेचा धन भार असतो, तो जातो, आणि प्रथिनाची घडी थोडी उलगडते. हे बदल तुमच्या-माझ्या शरीरात रोज होतात आणि कुणी दखल घेत नाही. काही माणसांत मात्र संरक्षणव्यवस्था त्या बदललेल्या अक्षराला परकं समजते. सातबाऱ्यावर नावातला एक काना चुकला आणि बापजाद्यांच्या शेतावर मालकच उपरा ठरला, असं आपल्याकडे कितीतरी घरांत झालंय. आमवातात शरीर स्वतःच्या वावरातून स्वतःला असंच हाकलू पाहतं. विशिष्ट जनुकं असलेल्यांत, धूम्रपान करणाऱ्यांत हे जास्त घडतं. हिरड्यांच्या आजारात सापडणारा एक जिवाणू तर हे अक्षर बदलण्याचं विकर स्वतःच बाळगतो, त्यामुळे दातांचे आणि सांध्यांचे डॉक्टर आता एकमेकांचे लेख वाचतात.

नायमेखेनच्या मंडळींनी सिट्रुलिन असलेला छोटा प्रथिनतुकडा चक्राकार वळवून त्यावर तपासणी बसवली. तीच अँटि-सीसीपी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर आमवात असलेल्या शंभरातल्या ६७ जणांत ती होकार देते आणि आमवात नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांत बरोबर नकार देते. आरए फॅक्टरचे तेच आकडे ६९ आणि ८५. पकडण्यात दोघे सारखेच, पण निर्दोषाला सोडून देण्यात सीसीपी फार सरस. चिकनगुनियानंतरच्या सांधेदुखीत ती क्वचितच होकार देते. आणि सगळ्यात थरारक गोष्ट अशी : स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये रक्तपेढ्यांत वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं रक्त तपासलं तेव्हा पुढे ज्यांना आमवात झाला त्यांच्यापैकी अनेकांत ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीच होती. बोट एकदाही सुजलेलं नाही, भाकऱ्या गोल होताहेत, आणि रक्तात नोंद पडून राहिलेली आहे.

इतकी चांगली तपासणी असेल तर मग गावोगाव शिबिरं घेऊन सगळ्यांचीच का करू नये? मलाही आधी तसंच वाटलं होतं. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवणनं दिलंय. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्यातल्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखी मोजली. प्रौढांत आमवात निघाला साधारण दोनशेंत एकाला. आता गणित करा. हजार प्रौढांत आमवाताचे पाच. सीसीपी त्यातले तीन पकडेल. उरलेल्या ९९५ जणांत शेकडा पाच चुकले तर खोटे होकार पन्नास. तीन खरे, पन्नास खोटे! धट्टेकट्ट्या लोकांत चूक याहून थोडी कमी होईल, पण कल तोच राहील, आणि आरए फॅक्टर घेतला तर खोट्यांची रांग दीडशेच्या घरात जाईल. याउलट डॉक्टरांनी हात दाबून, तारखा विचारून शंभर जण निवडले आणि त्यातल्या पन्नासांना खरंच आमवात असला, तर तीच तपासणी ३३-३४ खरे होकार देईल आणि खोटे दोन-तीनच. खळगे तेच, रसायनं तीच, पिवळा रंग तोच, आणि त्याचा अर्थ मात्र सुईच्या आधी विचारलेल्या प्रश्नांवर ठरतो. "कधीपासून" या एका प्रश्नानं पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी आत्याच्या तपासणीची किंमत वाढवली होती. चिकनगुनियाचा माणूस बहुधा दिवस सांगतो, कधी कधी प्रहरही. घरातल्या, आळीतल्या आणखी कुणाला ताप आला होता तेही सांगतो. आमवाताचा माणूस बहुधा म्हणतो, "कळलंच नाही, कधी लागलं ते."

चिकनगुनिया एकटाच असा फसवत नाही. पार्व्होव्हायरस बी-१९ नावाचा एक विषाणू आहे. मुलांचे गाल त्यानं चापट मारल्यासारखे लाल होतात आणि त्यांच्या आयांचे सांधे धरतात. (हे नाव कसं पडलं? १९७५ साली लंडनमध्ये तो सापडला तेव्हा तो 'बी' पाटीतल्या १९ क्रमांकाच्या नमुन्यात होता, एवढंच.) हेपटायटिसचे विषाणूही सांधे धरतात. विषाणूची बहुतेक सांधेदुखी सहा आठवड्यांत ओसरते, म्हणून डॉक्टर सहा आठवड्यांची रेघ मारतात. चिकनगुनिया ती रेघ ओलांडतो. रीयुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अवशेष मिळाले होते. तरी घाबरायचं कारण कमी आहे. डॉ. चोप्रांच्या गटानं २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रातल्या बावी गावातल्या रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला तेव्हा वर्षानंतर दुखणं उरलेले शंभरात मोजकेच होते.

आत्याची सीसीपी नकारार्थी आली. पण हा नकार एकट्यानं पुरेसा नाही, हे मला निक्षून सांगायचंय. आमवाताच्या शंभरातले तेहतीस या चाळणीतून निसटतात, काहींच्या दोन्ही तपासण्या कायम कोऱ्या राहतात. आत्याच्या बाबतीत तारीख, नाकाचा काळवंडलेला शेंडा, आयजीएम आणि सीसीपी हे चौघे चिकनगुनियाकडेच बोट दाखवत होते, म्हणून डॉक्टरांनी जन्मभराच्या गोळ्या थांबवल्या, साधी वेदनाशामकं दिली, कोमट पाण्यात बोटं हलवायला सांगितली आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. सूज राहिलीच तर पुन्हा पहिल्यापासून विचार करू, म्हणाल्या.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. शेजारच्या वाडीतल्या एका बाईची गोष्ट आत्याच्या निमित्तानंच मला कळली. साथीच्या वर्षात तिलाही ताप येऊन गेला होता, त्यामुळे पुढे बोटं सुजायला लागली तेव्हा सगळ्यांनी, तिनं स्वतःही, "गुन्याचंच राहिलंय" म्हणून सोडून दिलं. दुखणं वाढलं की कुठून तरी स्टिरॉइडच्या गोळ्या, चार दिवस आराम, की पुन्हा तेच. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा सीसीपी मर्यादेच्या कितीतरी पट होती आणि एक्स-रेत हाडांच्या कडा कुरतडलेल्या दिसत होत्या. आमवातात पहिले काही महिने सोन्याचे असतात. तेव्हा मेथोट्रेक्सेटसारखं औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, नेमानं रक्त तपासत सुरू झालं तर बोटं वाचतात. तिच्या हातांत ते महिने चिकनगुनियाच्या नावावर गेले. आता औषध चालू आहे, सूज उतरली आहे, ती कांद्याच्या काढणीला पुन्हा जाते. पण उजव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे झुकलीत ती आता तशीच राहणार. माझ्या आजीचं नेमकं काय होतं, ते तपासायची सोय तेव्हा नव्हती. त्या बाईचे हात पाहिल्यावर मात्र मला आजीच्या हातांकडे दुसऱ्यांदा बघितल्यासारखं झालं.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाची मोठी लाट आली, तेव्हा दवाखान्यांबाहेर पाय ओढत चालणारी माणसं मी रोज पाहत होतो. त्यांतले काही जण तीन महिन्यांनी कुठल्यातरी डॉक्टरांपुढे बसणार होते, आणि तिथे एक जण दुसऱ्याच्या औषधावर जायचा की नाही, ते नखाएवढ्या खळग्यातल्या रंगावर आणि त्याआधी विचारलेल्या चार प्रश्नांवर ठरणार होतं.

आत्याची बोटं पौषात मोकळी व्हायला लागली. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा खालच्या वावरात कलिंगडं तयार होती. बांधावर बसून मी तिला तिचा कागद दाखवला, सीसीपीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की या नावात हे फळ आहे. तिनं कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "ह्यात? कुठं?" मग कागद पदराखाली ठेवून तिनं एक कलिंगड ओढून घेतलं. शेतात कलिंगड कुणी चिरत नाही. तिनं उजवी मूठ वळली, अंगठा बाहेर काढून नीट आवळली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वरून गुद्दा घातला. फळ उभं तडकलं.

"निम्मं तिला दिऊन ये," ती म्हणाली, आणि शेजारच्या वाडीकडे हात केला.